सिग्नल वायरीने बांधलेला बूट

त्या हिवाळ्यात आमची पोस्ट तेरा हजार फुटांवर होती. माणसं सतरा, बंकर तीन, शेकायची बुखारी एक, रेडिओ सेट एक. मी हवालदार महादेव परब, एका सेक्शनचा कमांडर. माझ्या हाताखाली लान्स नायक दिगंबर गावडे. आम्ही दोघे मालवण-कुडाळ रस्त्यावरच्या एकाच गावचे. शाळेत एका बाकावर बसलो, कुडाळ स्टेशनातून एकाच गाडीने भरतीला गेलो. चारचौघांत तो मला 'साब' म्हणायचा, दोघेच असलो की 'म्हादू'.

ही हकीकत आता लिहितोय, कारण ती भुताची गोष्ट म्हणून एका पुस्तकात छापली जाणार होती. तुमचा भुतांवर विश्वास आहे का, असं लोक मला विचारतात. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तेव्हा जे घडलं ते वेळेनिशी सांगतो, ठरवायचं ते तुम्ही ठरवा.

पहाटे पाचला स्टँड-टू, सगळे हत्यारांनिशी मोर्च्यावर. साडेसहाला चहा. सातला कंपनी हेडक्वार्टरशी रेडिओ चेक. मग फावडी घेऊन बर्फ काढायचा. काल जिथून काढला तिथूनच आज पुन्हा. संध्याकाळी बुखारीभोवती दिगूचं दुकान उघडायचं. भुतांचा एवढा साठा मी दुसऱ्या कुणाकडे पाहिला नाही. पिंपळावरचा मुंजा, फोंडाघाटात ट्रकला हात करणारी बाई, खाडीत होडी मागे ओढणारा बुडालेला खलाशी. प्रत्येकाचं गाव, वाडी, झाड ठरलेलं. सातारा-कोल्हापूरची पोरं आधी हसायची आणि मग लघवीला जोडीने जायची.

देवचाराची गोष्ट मात्र दिगू वेगळ्या आवाजात सांगायचा. "तो भूत न्हय. तो राखणो. गावाची शीव फिरता. चलान चलान त्याच्या वहाणा झिजतत."

हे खरं आहे. म्हणजे वहाणांचं. आमचं गाव दर वर्षी देवचाराच्या स्थळावर चामड्याच्या नव्या वहाणा ठेवतं. जुन्या उचलायला गेलं की तळ झिजलेले असतात. लहानपणी मी स्वतः बघितलेत. कुणी घालून झिजवले, मला ठाऊक नाही.

साताऱ्याचा शिपाई जाधव त्याला चिडवायचा, "गावडे, तुमच्या देवचाराला पेन्शन कधी?"

"पेन्शन खंयची? त्याची ड्युटीच संपणा नाय," दिगू म्हणायचा.

आता तो दिवस. खालच्या पोस्टपर्यंत लिंक पेट्रोल, म्हणजे गस्त, घेऊन जायचं होतं. माणसं सहा, लीडर मी. साडेआठला निघताना बघतो तर माझ्या उजव्या बुटाचा तळवा पुढून सुटलेला. नवे बूट मागवून तीन आठवडे झाले होते, अजून वर पोचले नव्हते. दिगूची त्या दिवशी रेडिओवर ड्युटी होती, बाहेर पडायचं नव्हतं. त्याने आपले बूट काढून माझ्यापुढे ठेवले.

"म्हादू, माजे घाल. नंबर एकच."

आम्हा दोघांना नऊ नंबर लागायचा. मी त्याचे घातले, माझे त्याच्यापाशी ठेवले आणि आठ चाळीसला पोस्ट सोडली.

परतताना एक वाजून पन्नास मिनिटांनी वरून बर्फ घसरला. मोठी दरड नव्हती. बाकीचे पाच जण निसटले, मी कमरेपर्यंत गाडला गेलो. माझ्या रेडिओवाल्याने कॉल दिला. "पोस्ट, मी पेट्रोल. हवालदारसाब दबलेत. मदत हवी. ओव्हर."

उत्तर दिगूचं आलं. "रॉजर. येतोय. आउट."

सेटवरून उठायचा त्याला हुकूम नव्हता. त्याने सेट दुसऱ्याच्या हाती दिला आणि तिघांना घेऊन आला. पावणेतीनला त्यांनी मला बाहेर काढलं. दिगू माझ्या शेजारी गुडघ्यावर बसून फावडं मारत होता, तेव्हा मला त्याचा उजवा पाय दिसला. बूट माझाच होता. त्याच्याभोवती सिग्नलची काळी वायर तीन वेढे देऊन घट्ट बांधलेली होती.

"ह्यां काय रे?" मी विचारलं.

"तळवो सुटता म्हणान बांधलंय. चलता. तू ऊठ."

परत येताना बर्फाचा उतार आडवा ओलांडायचा होता. मला धरून दोघे पुढे चालत होते. दिगू सगळ्यात मागे. मला मागून फक्त "ए" एवढंच ऐकू आलं. वळून पाहिलं तर उतारावर कुणी नव्हतं. खाली नाला होता. वेळ तीन वाजून वीस मिनिटं.

बंकरमध्ये जाधवने माझ्या पायांतले बूट काढले आणि माझ्या खाटेखाली ठेवले. ते दिगूचे. दुसऱ्या दिवशी मला फ्रॉस्टबाइटसाठी खाली हॉस्पिटलात नेलं. चौथ्या दिवशी दिगू सापडला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे अधिकारी हॉस्पिटलात येऊन माझं स्टेटमेंट घेऊन गेले. बर्फाच्या उतारावरून पाय घसरला, असं त्यात आहे. बुटांबद्दल कुणी विचारलं नाही आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरली. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी मनाची समजूत घातली. मला भीती वाटत होती, हे आज सरळ लिहितो.

शवपेटीबरोबर दुसऱ्या युनिटचे सुभेदार गेले. पेटी उघडू नये असा हुकूम होता. अंत्यसंस्काराला मी नव्हतो.

पाच आठवड्यांनी मी पोस्टवर परतलो. जाधवने मला बाजूला घेतलं. "हवालदारसाब, गावडेचे बूट रोज सकाळी ओले असतात. तुम्ही गेल्यापासून. तळाच्या खाचांत ताजा बर्फ असतो."

"कोण घालतं?"

"कोणीच नाही. गावडे फिरतोय. तुमच्या त्या देवचारासारखा."

मी त्याला झापलं. पोरं मात्र बदलली होती. सेन्ट्री ड्युटीवर कुणी डुलकी काढेना. बुटांना कुणीतरी पॉलिश करून ठेवायचं. आणि मग एका पहाटे मी स्टँड-टूला उठलो तर माझे मोजे घोट्यापर्यंत ओले. खाटेखाली दिगूचे बूट, खाचांत बर्फ. मला काही आठवेना. झोपेत मीच उठून ते घालून फिरलो होतो का? सेन्ट्रीवर जाधव होता. तो म्हणाला, कुणी बाहेर गेलं नाही. पण जाधव माझ्यासाठी खोटं बोलला असता. आणि मी पाच आठवडे हॉस्पिटलात असताना ते कोण ओले करत होतं? हा हिशेब मला आजतागायत जुळलेला नाही.

गोष्ट पोरांबरोबर सुट्टीवर गेली, युनिटबरोबर राजस्थानात गेली. जाधव एकदा आमच्या गावी येऊन दिगूच्या बायकोलाही ती सांगून गेला. सुलोचना वयनीला बरं वाटावं, एवढाच त्याचा हेतू.

रिटायर झाल्यावर मी गावी काजू लावले. दर वर्षी दिगू गेला त्या तारखेला मी वयनीकडे जायचो. ती चहा द्यायची. मी काजूचा भाव सांगायचो, ती पावसाचं बोलायची. दोन गोष्टी मला कधी कळल्या नाहीत. एक म्हणजे पितृपक्षात त्या घरी दिगूचा म्हाळ कधी घातला गेला नाही. दुसरी म्हणजे ती दर वर्षी नऊ नंबरच्या नव्या वहाणा करून घ्यायची आणि मागल्या दारी ठेवायची. गाव म्हणे, देवचाराला काही नवस बोलली असेल. मीही तेच धरून चाललो. खाई त्याला खवखवे. जास्त विचारायची मला छाती नव्हती.

यंदा कुडाळहून एक मॅडम आल्या. कॉलेजात शिकवतात. जिल्ह्यातल्या भुताखेतांच्या जुन्या गोष्टी गोळा करून त्या पुस्तक काढतायत. साठ-सत्तर गोष्टी जमल्या होत्या. साताऱ्यात कुणीतरी त्यांना बूट घालून फिरणाऱ्या मालवणी शिपायाची गोष्ट सांगितली होती. माणूस इथला, म्हणून ती पुस्तकात हवी. "पण त्यांच्या घरच्यांची परवानगी घेतल्याशिवाय मी छापणार नाही," त्या म्हणाल्या. बाई सरळ होत्या. मी त्यांना वयनीकडे घेऊन गेलो. सकाळचे साडेदहा वाजले होते.

मॅडमनी पडवीत बसून आपलं लिखाण वाचून दाखवलं. वयनी खांबाला टेकून ऐकत होती. 'त्या शिपायाचं भूत' हे शब्द आले तशी ती ताठ झाली.

"भूत कसला?" ती म्हणाली. "मेल्याचा भूत जाता. तो मेलो ता कोणी बघल्यान?"

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. मला काही कळेना.

"बूट ओले होतत, म्हणजे बुटात पाय आसत," वयनी म्हणाली. "ता छापा. भूत म्हणान छापू नकात."

ती उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ट्रंकेतून काढलेला एक बूट होता. उजवा. काळी वायर अजून तीन वेढे तशीच. सामान बांधणाऱ्या पोरांनी दिगूच्या पायांतले बूट त्याच्या ट्रंकेत घातले होते. सरकारी बूट स्टोअरला जमा होतात, म्हणून ते या घरी आले असतील असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिने बुटाची जीभ उलटी करून मॅडमना दाखवली. आत पांढऱ्या रंगात फौजी नंबराचे शेवटचे चार आकडे. "ह्यांचो नंबर चार हजार अठरा. धा वर्सां दर पत्रार मी तो लिवलंय. ह्यो बघा, चौरेचाळीस एकाहत्तर. पेटी उघडूक दिल्यानी नाय. तोंड बघूक दिल्यानी नाय. आणि बूट दुसऱ्याचे. मगे आमी जाळलव कोणाक?"

मॅडमच्या हातातला कागद खाली आला. एकोणीस वर्षं या बाईने नवरा जिवंत धरला होता, तो माझ्या बुटांवर. मागल्या दारच्या वहाणा देवचाराच्या नव्हत्याच. तो आला की घालायला होत्या.

गप्प बसलो असतो तर दिगू तिच्यापुरता जिवंत राहिला असता. हेही मनात आलं, लपवत नाही. सांगणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा नाल्यात ढकलणं होतं. काय बरोबर, हे मला त्या क्षणीही कळत नव्हतं. मग मी रिपोर्ट देतात तसं सांगितलं.

"वयनी, चौरेचाळीस एकाहत्तर नंबर माझो. बूट माझो. तळवो सुटलेलो, म्हणान दिगून आपले माका दिल्यान. ही वायर मी त्याच्या पायात बघलंय. ह्या डोळ्यांनी. तो माका काढूक इलो आणि माझ्या बुटान पडलो."

ती वायरीवर बोट फिरवत राहिली.

"म्हणजे पेटीत तोच होतो?"

"तोच."

"भावजीनू, दर वर्साक हय बसान चाय पिलात तुमी."

तिने बूट आमच्या मध्ये ठेवला.

"मी इचारलंय नाय, कारण तुमी खरा सांगितल्यात असतात," ती म्हणाली. "तुमी कित्याक नाय सांगितल्यात?"

"भियालंय," मी म्हटलं.

ती रडली नाही. उठून मागल्या दाराकडे गेली आणि कडी घालण्याचा आवाज आला. मॅडमनी कागद पिशवीत घातले. फाटकापाशी त्यांनी मला विचारलं, "मग ते बूट ओले कोण करत होतं?" मला माहीत नाही, असं मी सांगितलं. तेच खरं आहे. गोष्ट छापायची की नाही ते वयनी ठरवेल, असं त्या म्हणाल्या. वयनीने अजून ठरवलेलं नाही.

भाद्रपदात वयनीचा निरोप आला. म्हाळ आहे, दिगूच्या नावाने जेवायला बसायला मीच यावं. मी गेलो. पाटावर बसलो. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. पान स्वच्छ केलं. दिगूने कधी पानात टाकलं नव्हतं.

निघताना उंबऱ्यात तिने यंदाच्या नव्या वहाणा माझ्या पायांशी ठेवल्या. मी मागे सरलो.

"घाला," ती म्हणाली. "नंबर एकच मां?"

मी घातल्या. आमच्या घरापर्यंत वीस मिनिटांची वाट आहे. शिवेवरून जाते. त्या वहाणा मी रोज घालतो, आणि तळ झिजतायत. लान्स नायक दिगंबर गावडे, नंबर चार हजार अठरा. वय एकतीस. हुकूम नसताना सेटवरून उठला.