मिस के यांची गुरुवारची झोप

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या कांचनकाकूंना रात्री झोप लागत नसे. श्रीरंगकाका गेल्यापासून घर खायला उठायचं. म्हणून गाड्यांच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावरही त्या हायस्कूलमध्ये बदली शिक्षिका म्हणून जात. मुलं त्यांना मिस के म्हणत.

तिथे कृष्णवर्णीय मुलांचा एक क्लब होता, दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत भरायचा. त्यांच्या बाई शाळा सोडून गेल्या, आणि खोलीत मोठं माणूस नसेल तर क्लब बंद, असा नियम. क्लबची प्रमुख जॅनेल काकूंकडे आली. "नुसतं बसायचं, मिस के." नुसतं बसण्यात काकूंचा हात कोण धरणार, संध्याकाळभर घरी त्या तेच करत.

पहिल्याच गुरुवारी हिवाळ्याचं मऊ ऊन अंगावर आलं, हीटर गुणगुणू लागला आणि काकूंचा डोळा लागला. पुढच्या गुरुवारी त्यांनी डोळे मिटले, ते नुसतेच. पापण्यांआड सगळं नारिंगी, उबदार होतं आणि आवाज तरंगत येत होते. कुणी म्हणालं, वर्गात माझ्यासारखी मी एकटीच, दिवसभर चेहरा सांभाळून दमते. कुणी हसलं, मग सगळेच हसले. एरवी गप्प बसणारा टेरेल हळूच म्हणाला, "इथे आलो की पोटातली गाठ सुटते." काकूंना भरून आलं. कंपनीत नव्या असताना, तिथल्या एकट्याच भारतीय म्हणून, त्या स्वतःच्या गाडीत बसून डबा खात. अशी खोली त्यांना कुठे मिळाली होती? आपण जाग्या आहोत हे कळलं तर मुलं बोलायची थांबतील, या भीतीने त्या दर गुरुवारी झोपेचं सोंग घेऊ लागल्या.

चुगलखोर कुठे नसतात? एके दिवशी उपमुख्याध्यापकच दारात उभे राहिले. "झोपलेलं माणूस काय सुपरव्हाइज करणार? मग क्लब बंद करावा लागेल. मिस के, तुम्ही झोपला होतात का?"

हो म्हणावं तर मुलांची खोली जाणार. नाही म्हणावं तर इतके दिवस चोरून ऐकलं हे उघडं पडणार, आणि मुलांचा विश्वास जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"जागी होते," काकू म्हणाल्या. "सगळं ऐकत होते."

ते मान हलवून निघून गेले. काकूंनी पर्स उचलली. मुलांकडे बघायचं त्यांना धाडस होईना.

"बसा, मिस के," जॅनेल म्हणाली. "आम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवशी खरंच झोपलात, तेव्हा केवढ्या घोरलात. नंतर कधीच नाही."