खड्ड्यात टाकलेली किल्ली

आमचा धाकटा लिफ्टचा मेकॅनिक आहे. मेकॅनिक चांगला, माणूस त्याहून चांगला, आणि दारू पोटात गेली की दोन्ही नाही. तिच्यापायी नोकऱ्या गेल्या, बायको माहेरी गेली, आणि शेवटी तो पत्र्याची हत्यारपेटी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. मी त्याची थोरली बहीण. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला ठाऊक आहे, कोणी सांगायला नको. त्याला आत घेतलं आणि बजावलं, "पुन्हा प्यायलास तर हे दार बंद. पाया पडलास तरी उघडायची नाही."

एका इमारतीच्या तळमजल्यावर माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या मॅनेजरकडे मी त्याच्यासाठी शब्द टाकला. मॅनेजर सज्जन, पण संशयी. "तुमच्या भरवशावर ठेवतो बाई. एकदा जरी वास आला तर त्याच दिवशी रजा." तेव्हापासून धाकटा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत आणि मी खाली शिलाई मशीनवर, एक कान वर लावून.

काम सुटलं की तो त्याच खोलीत मोबाईल घेऊन बसायचा. तिथे रेंज चांगली मिळते म्हणे. विचारलं तर म्हणायचा, "ग्रुपची मीटिंग आहे." ग्रुप कसला, तर दारू सोडलेल्यांचा आणि सोडू बघणाऱ्यांचा. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं, कॅमेरा बंद ठेवून बोलणारी. मला हसूच आलं. सख्ख्या बहिणीचं ऐकत नाही, तो मोबाईलमधल्या परक्यांचं काय ऐकणार, असं मी त्याच्या तोंडावर म्हणाले. त्याने वाद घातला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मग एके दिवशी भर दुपारी लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिका गुडघा चोळत दुकानात येऊन बसल्या. पार्सलवाला जिन्याला शिव्या देत गेला. पाठोपाठ मॅनेजर आला. "बाई, तुमच्या भावाचा फोन सारखा एंगेज लागतोय. आणि वॉचमन काय सांगतोय ठाऊक आहे? सातव्या मजल्यावरचे भाडेकरू आज घर सोडून गेले. यानं सामान उतरवायला मदत केली म्हणून जाताना त्याच्या हातात बाटली ठेवून गेले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कात्री तशीच टाकली आणि जिना चढायला लागले. प्रत्येक मजल्यावर एकेक शिवी जमवत गेले. गच्चीपर्यंत साठा चांगला झाला होता.

दार ढकललं. तो भिंतीला टेकून खाली बसला होता, शर्ट घामाने भिजलेला, फोन पुढ्यात. "कुठे लपवलीस? काढ बाहेर! लाज वाटत नाही तुला..."

"कोण आलंय?" फोनमधून एका बाईचा आवाज आला.

"ताई आलीये," धाकटा म्हणाला.

"बरं झालं," आता एक म्हातारा, घोगरा आवाज. "ताई, आधी दम घ्या. तुमच्या भावाने थेंबसुद्धा घेतलेला नाही. मघापासून आम्ही त्याच्याशी बोलतोय."

मी कसली ऐकते! वाकून सरळ त्याच्या तोंडाचा वास घेतला. ग्रीसचा होता. आणखी कसलाच नव्हता. मग लक्ष गेलं ते हत्यारपेटीकडे. तिला कुलूप होतं.

लिफ्टवर काम करताना मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची, म्हणजे दुसरं कोणी चुकून लिफ्ट चालू करत नाही. हा त्यांच्या धंद्यातला नियम. दुपारी तेल द्यायला म्हणून त्याने ते केलं होतं. पण बाटली पेटीत, आणि हात सारखा पेटीकडे. तेव्हा त्याने ग्रुपवर लिहिलं, 'अवघड आहे.' असं कोणी लिहिलं की जो मोकळा असेल त्याने फोन करायचा, ही त्यांची रीत. एका नर्सबाईंचा आला, मग त्यात ट्रकवाले काका आले. काका म्हणाले, तुझ्या आणि बाटलीच्या मध्ये काहीतरी घाल. मेकॅनिकच तो! दुसरं कुलूप काढून पेटीला घातलं, आणि लिफ्टचे दोर खाली जातात त्या फटीतून किल्ल्या टाकून दिल्या थेट तळाच्या खड्ड्यात. घाईत हेच विसरला की स्विचची किल्लीही त्याच जुडग्यात आहे.

"मग खाली जाऊन आणायच्या ना!" मी म्हणाले.

"आणल्या असत्या. पण मग पेटीचीही किल्ली हातात आली असती."

मला हसावं की रडावं कळेना. "अरे, मी खालीच होते. मला का नाही बोलावलंस?"

"तुला सांगितलं की तू आधी ओरडतेस, मग रडतेस. तुझी समजूत घालता घालता माझं सांगायचं राहूनच जातं. हे लोक फक्त विचारतात, मग पुढे काय झालं?"

जमवून आणलेल्यातली एकही शिवी उपयोगाची राहिली नाही.

तेवढ्यात मॅनेजर धापा टाकत आला. "प्यायलाय का?"

मी काही बोलायच्या आत धाकटा उभा राहिला. "नाही साहेब. पण बाटली पेटीत आहे. प्यावीशी वाटली, म्हणून किल्ल्या खड्ड्यात टाकल्या. आता ताई माझ्याबरोबर खाली येईल. मी किल्ल्या काढून तिच्या हातात देईन."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही पेटीवर बसा."

आणि मॅनेजर खरंच बसला! फोनमधली दोघं हसली.

खाली धाकटा टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरला आणि काळ्याकुट्ट हातांनी वर आला. मी मागायच्या आधीच जुडगा माझ्या तळहातावर ठेवला. पुन्हा सगळे मजले चढलो. पेटी मी उघडली. तो गच्चीच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, फोन कानाला लावून, आणि मी बाटली मोरीत ओतली. मग स्विच चालू केला. मशीन घरघरलं, दोर हलले आणि माझा जीव भांड्यात पडला.

मॅनेजर पँट झटकत उठला. "उद्यापासून स्विचची किल्ली वेगळ्या जुडग्यात," एवढंच म्हणाला आणि लिफ्टने खाली गेला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, मी कुणाच्या तरी कोटाचं अस्तर शिवत असताना फोन वाजला. वरूनच होता. "ताई, आज अवघड आहे. सकाळी तिचा माहेराहून फोन आला होता."

ओरडणं ओठांपर्यंत आलं, रडणं डोळ्यांपर्यंत. दोन्ही गिळलं. शिलाई मशीन थांबवलं.

"बरं," मी म्हणाले, "मग पुढे काय झालं?"

आणि तो सांगायला लागला.