एका ट्रेतली कोलंबी

बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. शेवाळलेल्या अंगणात ती घसरून पडली, तेव्हापासून आम्हाला शेजारणीकडून डबा यायचा. एका रविवारी मी शेजारणीला सांगून टाकलं की आज राहू दे, आज मी करतो.

मुलीने पुण्याहून फोनवर एक सोपी कृती पाठवली होती. केजन नावाचा तिखट अमेरिकी मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, मका, ढोबळी मिरची, सगळं एकाच ट्रेमध्ये पसरायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. पण महाडच्या बाजारात खाडीची ताजी कोलंबी दिसली, म्हणून मी कोंबडीच्या जागी तीच घेतली. लाल तिखट, मिरपूड, लसूण आणि पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या एकत्र करून मसाला केला. थोडा ओवाही चुरडून टाकला. वास घरभर सुटला. मी ट्रेचा फोटो काढून मुलीला पाठवला.

बायको डाव्या हाताने चमच्याने खात होती. बटाटे संपले, मका संपला. कोलंबी तिने ताटाच्या कडेला सारून ठेवली होती.

"जमली नाही का?" मी विचारलं.

"चांगली झालीय. मी कोलंबी खात नाय. अंगावर गांधी उठतात."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. माहेरीसुद्धा खात नव्हते."

तिचं माहेर पोलादपूरकडे, डोंगरात; तिथे कोलंबी मिळायचीच कुठे? मला वाटलं, ती थट्टा करतेय. पण तेवढ्यात तिची मान लाल व्हायला लागली. बटाट्यांना कोलंबीचाच रस लागला होता, आणि हे ठाऊक असूनही माझं मन मोडू नये म्हणून ती ते खात होती. तिने शांतपणे कपाटातली गोळी मागितली. ती कुठल्या कप्प्यात असते, हेही तिलाच सांगावं लागलं.

इतकी वर्षं ती हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून माझ्यासाठी कोलंबी सोलत आली. हाताला वास लागू नये म्हणून बांधत असेल, अशी माझी समजूत होती. ती स्वतः काय खाते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मुलीचा फोन आला. "बाबा, आईला कोलंबी?" एवढंच ती म्हणाली. उरलेली कोलंबी शेजारी द्यायला गेलो, तर शेजारीण म्हणाली, "वहिनींना चालत नाही ना ही." मी मान खाली घालून परत आलो.

गांधी दुसऱ्या दिवशी उतरल्या. पुढच्या रविवारी मी तिला विचारलं, तुला काय खावंसं वाटतं?

ती म्हणाली, "विचार करून सांगते."