मागच्या पंख्यासमोर चिमूटभर कोंडा

राईस मिलमध्ये कोंडा आणि किस्से सारखेच. सकाळी झाडून काढा, दुपारपर्यंत पुन्हा तेवढेच साचलेले! मी मोहाडीजवळच्या एका मिलमध्ये काट्यावर धानाची वजनं लिहितो. यंदा आमच्याकडे साचलेले बहुतेक किस्से माझ्या गेमिंग कॉम्प्युटरचे आहेत.

सुरुवात दादाने केली. दादा माझा थोरला भाऊ, नागपुरात नोकरीला. त्याने दुकानातून तयार गेमिंग कॉम्प्युटर आणला होता. मी म्हटलं, मी एकेक पार्ट निवडून स्वतः जोडणार. तो फोनवर हसला. "तू पोते मोज. डब्बा जोडणं तुह्या बसची बात नाही."

फोन स्पीकरवर होता. सगळ्या मिलने ऐकलं आणि त्या मिनिटापासून तो कॉम्प्युटर माझ्या एकट्याचा राहिला नाही.

*

किसनभाऊ आमच्या मिलच्या मोटारी सांभाळतात. मी त्यांना मोबाइलवर ग्राफिक्स कार्डं दाखवायला बसलो.

"हे सोड. लोड किती?"

"अजून काढला नाही, भाऊ."

"मंग निवडून काय राहिला? आंधी पॉवर सप्लाय ठरव. मोटर उठताना जास्त ओढते, एक नंबर मोठाच घे."

मी बेरीज केली, एक नंबर मोठा लिहिला. नागपूरच्या दुकानदाराने यादी पाहून विचारलं, "पहिल्यांदा जोडणारा माणूस पॉवर सप्लाय शेवटी विचारतो. तुम्ही तो पहिल्या नंबरवर लिहिला. सल्ला कोणाचा?"

"आमचे किसनभाऊ. आठवी पास," मी म्हटलं. तेव्हा छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

*

मग रॅम. मला रंगीत लाइटवाली हवी होती. आमचे मालक शेठजी चष्मा लावून फोटो बघत राहिले.

"याच्यानं गेम जोरात चालते?"

"नाही, नुसती चमकते."

"आपल्या मशीनले झालर लावली तं तांदूळ जास्त पडन का?"

लाइटवाली रॅम कटली. साधी आली, पण दुप्पट.

जोडणी मिलच्या ऑफिसातच केली, घरी नेऊ द्यायला कुणी तयारच नव्हतं. बटण दाबलं, स्क्रीन उजळली, आणि किसनभाऊंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा खाली. शेठजी मात्र कॅबिनेटमध्ये वाकून बघत होते. म्हणाले, "लाइट नाही, तं आत सुरू झालं हे समजन कसं?"

*

हा किस्सा सांगायला जड जातो. गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत मशीन बंद. किसनभाऊंनी व्होल्टेज तपासलं, ठीक. मी एकेक वायर काढून पुन्हा लावली, तरी तेच.

दादाला कळलंच. "रविवारी येतो. डब्बा गाडीत टाकतो, इथल्या मेकॅनिकले उघडाले देतो."

एकेक पार्ट मी निवडला होता, एकेक स्क्रू मी पिळला होता. तो दुसऱ्या कुणी उघडायचा म्हणजे 'याला जमलं नाही' हे पक्कं झालं असतं. दोन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं.

शनिवारी दुपारी कांताबाई ऑफिस झाडायला आल्या. मिलमध्ये त्या सुपाने तांदूळ पाखडतात, त्याआधी सारी उमर खळ्यावर धान उफणलेलं. त्यांनी माझ्या चालू मशीनच्या मागे हात धरला.

"बाबू, हा मांगचा पंखा कायले?"

"गरम हवा बाहेर फेकायला."

"फेकते कुठं? हा तं ओढून राहिला."

"नाही हो, तुम्हाला तसं वाटतं."

त्यांनी वाद घातला नाही. केरातून चिमूटभर कोंडा उचलला आणि पंख्यासमोर सोडला. मी ओरडेपर्यंत कोंडा सरळ आत!

"समोरून आत, मांगूनही आत. मंग वारा जाईन कुठून? अशानं खळ्यावर दाणा निवडला नसता."

मागचा पंखा मीच उलटा बसवला होता. कोंडा झटकला, चार स्क्रू काढले, पंखा फिरवला. कांताबाईंनी पुन्हा चिमूट सोडली. या वेळी सगळा कोंडा त्यांच्याच लुगड्यावर उडाला. तो झटकायचं सोडून त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

रविवारी दादा सकाळपासून जेवणापर्यंत खेळला. मशीन एकदाही बंद पडलं नाही. "कोण्या इंजिनियरनं पाहिला?" त्याने विचारलं. मी कांताबाईंकडे बोट दाखवलं आणि कोंड्याची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

*

परवा दादाचा फोन आला. त्याचं ते दुकानातलं तयार मशीन गेम लावला की बंद पडतंय म्हणे, आठवडा झाला.

मी म्हटलं, "गाडीत टाक, इकडं घेऊन ये."

तो हळूच म्हणाला, "स्पीकर बंद कर आंधी."

मी बंद केला.

"मले एक सांग, नागपुरात कोंडा कुठं भेटन?"