येते म्हणजे जाते

केतकी गेली, हे मला पुण्याहून तिच्या शेजारच्या बाईंनी फोनवर सांगितलं. मी मेथी निवडत होते. जुडी हातात तशीच राहिली. "तिच्या फोनमध्ये तुमचंच नाव वर होतं हो," त्या म्हणाल्या... दुसरं कुणाचं असणार? आईवडील आधीच गेलेले, भावंड नाही, लग्न केलं नाही. महिना होत आला, माझा राग उतरत नाही. कुणावर, ते कळत नाही.

पेपरांनी लिहिलं, तिच्या कथांत महानगरातलं एकटेपण आहे. कसलं डोंबलाचं महानगर! ते एकटेपण रियाधमधलं, मलाझ भागातल्या आमच्या बिल्डिंगचं. आमचे हे तिथं बँकेत होते. खालच्या मजल्यावर केतकी, सात-आठ वर्षांची. आई सरकारी हॉस्पिटलात नर्स, वडील दूर जुबैलच्या कारखान्यात. आखाती युद्ध पेटलं तशी शाळा बंद झाली, वडिलांचं येणं बंद झालं, आणि आईच्या ड्यूट्या मात्र वाढल्या. विषारी वायूच्या भीतीनं खिडक्या चिकटपट्ट्यांनी बंद केलेल्या, घरात दिवसाही दिवा. हॉस्पिटलची बस हॉर्न वाजवायची आणि आई "येते हं बाळा" म्हणत जिना उतरायची.

आता आपल्यात निघताना कुणी "जाते" म्हणतं का? पण ही इंग्रजी शाळेतली पोर. तिला "येते" म्हणजे येतेच वाटायचं, आत्ता, लगेच. आई गेली की ही दाराशी मांडी घालून बसायची. एका संध्याकाळी सायरन झाला तशी मी खाली धावले. "चल वर, यल्ला!" तर ढिम्म हलेना. "नो आंटी, मम्मी सेड येते. शी इज कमिंग." भीतीनं मी ओरडलेच, "अगं वेडे, येते म्हणजे जाते!"

तिनं माझ्याकडे बघितलं. "मग ती गेली?"

तिला उचललं आणि वर आणलं. रडली नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. आई सकाळी सुखरूप परतली, नंतरही रोज परतत राहिली. पण पोरीचा त्या शब्दावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

पुढं ती लेखिका झाली, मी आंटीची मावशी झाले. तिच्या प्रत्येक कथेत कुणीतरी खोलीत बसलेलं, आणि येणारं माणूस काही येत नाही. मी चिडवायची, "बाई गं, एखाद्या गोष्टीत तरी कुणाला घरी पोचू दे की!" ती हसायची. एकदा मात्र म्हणाली, "खूपदा लिहून बघितलं, मावशी. पण दाराशी पोचलं की ते माणूस खोटं वाटायला लागतं... मग खोडून टाकते." इतकी वर्षं, इतकी पुस्तकं, आणि ही अजून तिथंच बसलेली.

परवा तिचं घर आवरायला गेले. कपाटात चार साड्या, ओट्यावर एकच कप. शेजारच्या बाईंना विचारलं, "दार फोडावं लागलं का हो?"

"छे हो! कडी ती कधी लावायचीच नाही. आम्ही किती ओरडायचो. म्हणायची, कुणी आलं आणि मला उठायला उशीर झाला तर?"

म्हणजे ती घरात एकटीच कोसळली तेव्हा, आणि नंतर कुणाला कळेपर्यंत, दार नुसतं लोटलेलं होतं. कुणी हात लावला असता तरी उघडलं असतं.