मीरेची दुसरी साक्ष

आकाशाकडे पाहून हात जोडणारे पुष्कळ असतात. आकाशाकडे पाहून साक्ष देणारे थोडे. जबलपूरच्या चेरीतालमध्ये राहणाऱ्या कुंदाबाई वझलवार या थोड्यांपैकी एक. मोठ्या विदुषी नव्हेत, कोणत्या वेधशाळेच्या अधिकारी नव्हेत. सिविल लाइंसमधल्या एका सरकारी कार्यालयात टपाल आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेल्या, एकादशीला साबुदाणा आणि संक्रांतीला तीळगूळ न चुकवणाऱ्या, साध्यासुध्या गृहिणी. पण रोज दिवेलागण झाली, देवापाशी निरांजन ठेवून झाले, की त्या दुर्बीण गळ्यात घालून गच्चीवर जातात आणि ताऱ्यांचे तेज मोजतात.

तारा म्हटला की आपण ध्रुवाचे नाव घेतो, अढळ म्हणतो. पण आकाशात असेही तारे आहेत की जे फुलतात आणि मावळतात, उजळतात आणि विझत विझत दिसेनासे होतात. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यांचे तेज कधी किती होते, हे कोणीतरी रोज पाहून सांगावे लागते. जगभर हौशी माणसे हे काम करतात. ना वेतन, ना मानपत्र. रीत सोपी आहे. त्या ताऱ्याच्या शेजारचे, तेज ठाऊक असलेले दोन तारे घ्यायचे, एक थोडा उजळ, एक थोडा मंद. आणि आपला तारा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते नजरेने ठरवायचे. या तेजाला प्रत म्हणतात, आणि तिची गंमत अशी की आकडा जितका मोठा तितका तारा मंद; ‘सात दोन’ म्हटले की समजायचे सात पूर्णांक दोन दशांश.

रीत सोपी, पण व्रत अवघड. कारण डोळा लबाड आहे. आज तारा किती असावा हे मनाला आधीच ठाऊक असेल, तर डोळा तेच पाहतो. म्हणून कालचा आकडा आठवायचा नाही, दुसऱ्याचा आकडा विचारायचा नाही. आणि दोघे मिळून पाहत असतील, तर ज्याची नजर नवखी त्याने आधी बोलायचे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी आधी बोलावे आणि धाकट्यांनी मान डोलवावी. या दरबारात उलटे. जाणत्याने तोंड उघडले की धाकट्याचा डोळा त्याच्या आकड्याकडे झुकतो.

कुंदाबाईंना हे व्रत त्यांचे यजमान श्रीरंगराव यांनी दिले. ते संरक्षण कारखान्यात मापे तपासण्याच्या विभागात होते. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी नव्या नवरीला गच्चीवर नेले आणि तिमिंगल नावाच्या तारकासमूहातला एक तांबूस तारा दाखवला. त्याचे नाव मीरा. नाव परदेशी आहे, अर्थ ‘अद्भुत’. पण वझलवारांच्या घरात ती मीराबाईच झाली. अकरा महिन्यांच्या फेऱ्यात ती साध्या डोळ्यांना दिसेनाशी होते आणि परत येते. “आली का हो तुमची मीराबाई?” असे कुंदाबाई विचारत, आणि श्रीरंगराव म्हणत, “तू सांग. मी नाही बोलणार.”

आणि ते खरोखर बोलत नसत. कुंदाबाईंना आकडा ठरवायला कितीही वेळ लागो, ते लवंग दाताखाली धरून गप्प बसून राहत. कुंदाबाईंनी आकडा सांगितला की मग आपला सांगत. मीरेच्या बाबतीत दोघांचे कधी जुळले नाही. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले की तो डोळ्यात साठत जातो आणि आहे त्याहून उजळ भासतो. कोणाला कमी, कोणाला जास्त. श्रीरंगरावांना मीरा नेहमी थोडी अधिक तेजस्वी दिसे. “तुमच्या डोळ्यांत ती जरा जास्तच भरून राहिली,” असा टोमणा कुंदाबाई मारत. संसारभर दोन साक्षी, दोन आकडे, आणि मध्ये एक लहानसे हसू.

गेल्या चैत्रात, दुपारी जेवून उठताना, श्रीरंगराव गेले. हात धुवायला वळले आणि तिथेच बसले, एवढेच. मीरा तेव्हा सूर्यामागे दडलेली होती.

पावसाळा उलटला, आकाश धुऊन निघाले. आश्विनात कुंदाबाई पहिल्यांदा एकट्या गच्चीवर गेल्या. देवयानी तारकासमूहाजवळच्या एका लहानशा रूपविकारी ताऱ्यावर त्यांनी दुर्बीण धरली. शेजारचे तारे शोधावेत, तुलना करावी, तोच डाव्या बाजूने, जिथे श्रीरंगरावांची खुर्ची असे तिथून, नेहमीच्या सावकाश आवाजात शब्द आले, “सात दोन.”

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. खुर्ची रिकामी होती. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर चालू करत होते. त्यांनी पुन्हा दुर्बीण लावली, तुलना केली. तारा सात दोनच होता.

भय वाटले का, असे मी पुढे एका कीर्तनानंतर त्यांना विचारले होते. त्या म्हणाल्या, भय दुसऱ्या दिवशी वाटले, आज आवाज आला नाही तर काय, याचे. पण तो आला. रोज आला. तारा दृष्टीच्या वर्तुळात येताच, तुलना होण्याआधी, आकडा कानात पडायचा. आणि त्यांचा डोळा त्या आकड्यापाशी जाऊन शांत बसायचा. त्या गच्चीवर दोन कप चहा नेऊ लागल्या. त्या खुर्चीवर कपडे वाळत घालायचे बंद झाले. अंगावरची साडी बदलून, केस विंचरून त्या वर जात. शेजारच्या बंटीने खालून हाक मारून विचारले, “काकी, तारे अभी तक पूरे नहीं गिने क्या?” तेव्हा त्या हसून म्हणाल्या की एकटीने मोजायचे असते तर झाले असते कधीच. बंटी घरी जाऊन काय बोलला कोण जाणे; त्यानंतर त्या घरातली मुले संध्याकाळी त्यांच्या जिन्यापाशी खेळेनाशी झाली.

मार्गशीर्षात मीरा अंधारातून वर येऊ लागली, पौषात साध्या डोळ्यांना दिसू लागली. माघ लागला तेव्हा आवाज म्हणाला, “तीन एक.” दुसऱ्या दिवशी तीन एक. आठवड्याने तीन एक. कुंदाबाई मुकाट्याने पाहत, आणि त्यांनाही तीन एक दिसे.

जबलपूरमधल्या अशा हौशी निरीक्षकांचे एक लहान मंडळ आहे. सिविल लाइंसमध्ये राहणाऱ्या, शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या विनीताताई सगळ्यांचे आकडे गोळा करून आलेखावर ठिपके मांडतात. कुंदाबाई तो आलेख कधी पाहत नसत. दुसऱ्याचा आकडा पाहायचा नाही, हे व्रत. एका सकाळी विनीताताईंचा फोन आला. आधी तब्येतीची चौकशी झाली, मोतीबिंदू तपासला का असेही त्यांनी आडून विचारले, आणि मग म्हणाल्या, “दीदी, मीरा तुम्हाला एवढी तेज काहून दिसून राहिली? बाकी सगळे तीन सहाच्या आसपास आहेत. तुम्ही एकट्याच वर.”

कुंदाबाई म्हणाल्या की तांबडा तारा आहे, डोळ्या-डोळ्यांत फरक असतोच.

“तुमच्या डोळ्यांत कधी नव्हता ना,” विनीताताई म्हणाल्या. “तो फरक श्रीरंगभैयांचा होता. खरं सांगू का? हे ठिपके पाहिले, तर भैयाच पाहून राहिले असं वाटते.”

बोलणाऱ्याला ठाऊक नव्हते की आपण काय बोललो. कुंदाबाईंनी फोन ठेवला. म्हणजे तो भास नव्हता! परक्या माणसाने, काही न सांगता, आकड्यांवरून ओळखले होते. त्यांनी देवासमोर तुपाचे निरांजन लावले आणि किती तरी वेळ तिथून उठल्या नाहीत.

पण निरांजनाची वात सरली आणि दुसरा विचार उभा राहिला, आणि त्याने त्यांना काळजाला धरले. पाहणारे जर ते असतील, तर नाव कुंदाचे का? जगाला मी सांगते आहे की मी पाहिले, मी तोलले, मी साक्षी आहे. आणि मी तर कोणाच्या तरी शब्दावर मान डोलवते आहे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या आकड्याचा वाराही मला लागू दिला नाही, त्याच्याच आकड्यावर मी खोटी सही करते आहे. आणि जर तो आवाज त्यांचा नसेल? मग ते चैत्रात गेले ते गेलेच. आणि आता माघात पुन्हा एकदा जातील, आणि या वेळी घालवणारी मी असेन. खरे पाहावे तर पती जातो, पती राखावा तर खरे जाते. या कात्रीत त्या बाईने अन्न सोडले. गच्चीचे दार मात्र सोडवले नाही.

शेवटी त्यांनीच विनीताताईंना फोन केला आणि म्हटले की मला बरगीला घेऊन चल. तिथे धरणाच्या वरच्या अंगाला, गावाबाहेर, शहराचे दिवे पोहोचत नाहीत अशी एक मोकळी जागा मंडळाला ठाऊक आहे. श्रीरंगराव असताना दोघे तिथे अनेकदा गेले होते.

दोघी पोहोचल्या तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. पाण्यावर अजून तांबूस उजेड होता, एक होडी काठाला लागत होती. आकाशात गुरू तेवढा दिसत होता. तारे उगवायचे होते. विनीताताईंनी सतरंजी अंथरली, थर्मास उघडला. कुंदाबाई नैर्ऋत्येकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तिथे अजून काही नव्हते. निळसर, रिकामे आकाश.

आणि डाव्या बाजूने आवाज आला, “तीन एक.”

तारा निघालेला नव्हता. मीराच नव्हती, आणि तिचा आकडा आला होता. त्या सावकाश वळल्या. तिथे गवत होते, गवतापलीकडे पाणी होते. विनीताताईंच्या देखत, घरात नवऱ्याशी बोलावे तशा आवाजात, त्यांनी विचारले:

“अहो, तुम्ही आधी काहून बोलून राहिले?”

त्या क्षणाचे विनीताताईंनी मला नंतर सांगितले. दीदी कोणाशी बोलल्या हे त्यांना न सांगता कळले, आणि उत्तर येईल की काय असे वाटून त्यांनी डोळे मिटून घेतले.

उत्तर आले नाही. संसारभर जो माणूस कधी आधी बोलला नाही, तो मेल्यावर तरी कसा बोलेल? हे कुंदाबाईंना तिथे, त्या पाण्याकाठी, उमगले. श्रीरंगरावांचे शील ज्याला ठाऊक नाही, असा श्रीरंगरावांचा आवाज कोणाचा असणार? तीन एक हा त्यांचा गेल्या खेपेचा, शेवटचा आकडा होता. कुंदाबाईंनी तो मनात जपून ठेवला होता आणि मनच तो पुन्हा पुन्हा वाढत होते. बाकीचे तारे जुन्याच फेऱ्याने चालत होते, म्हणून जुने आकडे जुळत गेले; मीरा मात्र या खेपेला तितकी उजळली नव्हती. आठवणीला ते ठाऊक नव्हते. आठवणीला नवे काहीच ठाऊक नसते.

अंधार भरला. एकेक तारा उतरला. तिमिंगलाच्या गळ्याजवळचे तारे निघाले आणि त्यांच्या खाली ती तांबूस ज्योत. कुंदाबाईंनी टक लावली नाही. शिकवल्याप्रमाणे झरकन एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे, असे पाहिले. पुष्कळ वेळ घेतला. मग स्पष्ट म्हणाल्या, “तीन सहा.”

आणि थांबल्या. दुसरा आकडा येण्याइतके थांबल्या. विनीताताईंजवळ त्यांचा आकडा तयार होता, पण त्यांनी तो त्या शांततेत टाकला नाही. पाणी काठाला लागत होते, तेवढाच आवाज.

मग कुंदाबाई म्हणाल्या, “विनीता, आश्विनापासूनचे माझे सगळे आकडे काढून टाक.”

विनीताताईंनी समजावून पाहिले. मीरेचे काढू, पण बाकीचे काहून? ते सगळ्यांशी जुळतात, बरोबर आहेत.

“बरोबर असतील,” कुंदाबाई म्हणाल्या. “पण ते मी पाहिले नव्हते. ऐकले होते.”

दुसऱ्या दिवशी विनीताताईंनी सांगितल्याप्रमाणे केले. आश्विनापासून बरगीच्या त्या रात्रीपर्यंत, कुंदा वझलवार या नावापुढे आता काही नाही. मग त्या रात्रीचा एक आकडा, तीन सहा.

आवाज पुन्हा आला नाही. फाल्गुनात त्या माझ्या कीर्तनाला आल्या, तेव्हा मी त्यांना म्हणालो की तुम्ही फार मोठे सत्य राखले. त्या पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, “बुवा, खोटा होता. पण होता.”

बाहेर दिवेलागण होत होती. आरतीला न थांबता, मीरा मावळायच्या आत वर पोहोचायचे म्हणून, त्या घाईने चपला घालून निघाल्या.