तेल वाळू द्या, साहेब

काजळमामांचा उजवा अंगठा कायम काळा. लग्नाच्या पंगतीत बसले तरी तेवढा काळाच. बडनेऱ्याला स्टेशनमागच्या गल्लीत ते पलंग, दिवाण करायचे. पण अमरावतीच्या आमच्या रायफल क्लबात सगळे म्हणायचे, बंदुकीचा कुंदा, म्हणजे नळी पेलणारं, खांद्याला टेकवायचं लाकूड, बसवावा तर मामांनीच.

जुन्या कुंद्यात जाड नळी बसवायची तर खाच रुंद करावी लागते. मामा नळीला दिव्याचं काजळ फासत, खाचेत दाबत, उचलत. लाकडावर जिथे काळं उमटेल तिथे तेवढंच खरडत. पुन्हा काजळ, पुन्हा खरडणं. शेवटी नळी आणि लाकूड यांच्यामधून एसटीचं तिकीट अडखळल्याशिवाय सरकलं की काम झालं. मी घाई केली की म्हणायचे, "तुले काय गाडी पकडाची हाय काय, माय?"

मग जवसाचं तेल. ते पंधरा दिवस वाळू द्यायचं, नाहीतर लाकूड दमट हवेत फुगून नळीला टेकतं आणि नेम जातो. क्लबाच्या सेक्रेटरीनं ऐकलं नाही. स्पर्धा तोंडावर होती, चौथ्याच दिवशी माणूस पाठवून आपला कुंदा उचलून आणला. ऐन पावसाळ्यात सगळ्या गोळ्या डावीकडे. त्यानं मामांना क्लबात बोलावून सर्वांसमोर कुंदा त्यांच्या पायाशी फेकला. म्हणाला, "पलंगाचे पाय कर याचे." मामांनी कुंदा दुपट्ट्यात गुंडाळला आणि निघून गेले. त्यानंतर क्लबातलं एकही काम त्यांच्याकडे गेलं नाही. मी तिथेच उभी होते आणि गप्प बसले, याची लाज अजून जात नाही.

मामा साधे होते, पण माफ करणाऱ्यांतले नव्हते. मीही नाही. दोन वर्षांनी मी माझ्या रायफलला जाड नळी घेतली, तेव्हा त्यांनी तोच कुंदा बाहेर काढला. खाच वाढवली, गालाकडची बाजू नव्यानं घडवली. "मले भांडता येत नाई," ते म्हणाले, "पन त्याच्याच तोंडून माह्या हाताची तारीफ निंगाली पायजे." तेल पूर्ण पंधरा दिवस वाळलं. सोळाव्या दिवशी मी कुंदा आणला, आणि त्याच महिन्यात मामा झोपेत गेले.

अकोल्याची स्पर्धा भर श्रावणात होती. हवा इतकी दमट की दांडीवरचे कपडे वाळेनात. माझी नळी हलली नाही. सेक्रेटरी हरला, आणि वर माझ्या कुंद्यावरून हात फिरवत चार लोकांत म्हणाला, असा हात पाहिला नाही, कारागीर कोण, मलाही करून घ्यायचंय. नाव त्याच्या तोंडावर मारायचं ठरवूनच मी गेले होते. पण मनात म्हटलं, थांब बाप्पा, तूच जा. कागदावर मामांच्या घरचा पत्ता लिहून दिला, नाव लिहिलं नाही. आणि मामींना फोन करून ठेवला.

तो गेला. भिंतीवर हार घातलेला मामांचा फोटो. मामींनी त्याला त्या फोटोसमोरच बसवलं, चहा पाजला, आणि माझ्या रायफलला लागलेला कुंदा त्यानंच फेकलेला आहे हे सांगितलं. निघताना जवसाच्या तेलाची बाटली हातात ठेवली. मला त्याची जराही दया आली नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला. त्यानं हळूच विचारलं, हे तेल वाळायला किती दिवस लागतात?

"पंधरा," मी म्हटलं. "मामांनी तुमाले तवाच सांगतलं होतं. आता उद्या क्लबात सगळ्यायले तुमी सांगा."